युगांडातल्या अनाथ मुलांच्या ख्रिस्ती शाळेसाठी मदत: कुठे, कशी?

घोरपडीकर:
आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघाने यंदाच्या नाताळच्या अर्पणातून युगांडातल्या अनाथ मुलांच्या शिक्षणाला हातभार लावायचं ठरवलंय. शाळा ख्रिस्ती हवी, एवढीच अट. एका बालगृहाचं माहितीपत्रक आलंय. त्यात मुलांचे फोटो, नव्या इमारतीचा नकाशा आणि 'एक खोली तुमच्या नावाने' अशी योजना आहे. काही जणी त्यावर फारच खूश आहेत. मला मात्र थेट फी भरावी असं वाटतं. तिथली माहिती असलेलं कोणी आहे का इथे? आणि पैसे पाठवायचे कसे?

कंपालावासी:
फीच भरा. तिथे सरकारी प्राथमिक शिक्षण १९९७ पासून मोफत आहे, पण मोफत म्हणजे फक्त शिकवण्याची फी लागत नाही, एवढंच. गणवेश, वह्या, दुपारचं जेवण घरच्यांच्याच माथी. सातवीनंतर पीएलई ही बोर्डाची परीक्षा असते, मग माध्यमिकचं पहिलं वर्ष, एस-वन. खर्च एकदम वाढतो तो इथे, आणि आजीच्या आधाराने राहणारी पोरं शाळा सोडतात तीही इथेच.

शिवाय निवासी शाळा एक यादी हातात देते. सगळे तिला 'रिक्वायरमेंट्स' म्हणतात. गादी, पत्र्याची ट्रंक, मच्छरदाणी, कोऱ्या कागदांचं रीम, टॉयलेट पेपर, झाडू, कधीकधी कुदळसुद्धा. फी भरली पण यादी अपुरी राहिली, तर मुलाला फाटकावरूनच परत पाठवू शकतात. देणगीदारांच्या हिशेबात ही यादी सहसा नसतेच.

ख्रिस्ती शाळा म्हणजे महागडी खासगी शाळा असं मात्र समजू नका. गयाझा (१९०५) आणि बुडो (१९०६) या मिशनने काढलेल्या नामांकित शाळा आहेतच, पण खेड्यापाड्यांतल्या कितीतरी अनुदानित शाळांची संस्थापक चर्च ऑफ युगांडा (तिथलं अँग्लिकन चर्च) किंवा कॅथलिक चर्च आहे. शिक्षकांचे पगार सरकार देतं, प्रार्थना आणि वातावरण चर्चचं. आपल्याकडच्या जुन्या मिशन शाळांसारखंच. तिथे तुमच्या तेवढ्याच पैशांत जास्त मुलं शिकतील.

रानवारा:
बालगृहाबद्दल थोडं कडक बोलते. आई किंवा वडील, एक जरी गेलं तरी युनिसेफ त्या मुलाला अनाथ म्हणते. २०१५ च्या त्यांच्या अंदाजात जगभरात सुमारे १४ कोटी अनाथ होते, त्यांत दोघेही गेलेले दीड कोटीच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना घरचं कोणीतरी आहे. दक्षिण युगांडातल्या राकाई-मसाका भागात एड्सने आईबाप नेले तेव्हा मुलं सांभाळली ती जाज्जांनी, म्हणजे आज्यांनी. शिक्षण मिळेल म्हणून मूल बालगृहात ठेवायचं आणि खोल्या भरल्या की देणगी वाढते म्हणून आणखी मुलं आणायची, हा प्रकार तिथे झालेला आहे. ज्या पत्रकात शाळेपेक्षा इमारत मोठी दिसते, ते मी बाजूला ठेवते.

सीए_काका:
ताई, अर्पणाची रक्कम मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात असेल तर थांबा. परदेशी पैसे पाठवायची एलआरएस ही सोय फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला की आयकराच्या सवलतीत गोंधळ होतो. ज्यांना द्यायचंय त्यांनी स्वतःच्या खात्यातून, पॅन देऊन आणि परदेशी पैसे पाठवायचा बँकेतला ए-टू फॉर्म भरून पाठवावं. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिची तुम्हाला चिंता नको. देणगीवरची आयकराची सवलत (८०-जी) मिळणार नाही. आणि एफसीआरए, एफसीआरए म्हणून कोणी घाबरवलं तर सांगा, तो कायदा बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी आहे.

बिनधास्त_बाळू:
जालन्यातली पोरं संपली का, युगांडा शोधायला?

रानवारा:
बाळूभाऊ, पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये असोसिएशन निघालं, त्या पैशावर शारदा सदन ही त्यांची विधवा-मुलींची शाळा उभी राहिली. तिथेही कोणी हेच विचारलं असेल! पण त्याच सदनात १८९३ साली धर्मांतरावरून वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणून घोरपडीकर, शाळेला आधीच विचारा: मुस्लिम मूल आलं तर घेता का, प्रार्थनेची सक्ती आहे का? मदत मिळण्यासाठी मुलाला धर्माचा दाखला लागू नये.

घोरपडीकर:
काका, पैसे ट्रस्टच्याच खात्यात आहेत. बरं झालं विचारलं. ते अर्पण इथल्या वसतिगृहाला देऊ (बाळूभाऊ, खूश?), आणि युगांडासाठी इच्छुक बहिणी आपापल्या खात्यातून पाठवतील. पण पैसे कोणाच्या नावावर?

कंपालावासी:
शाळेच्या बँक खात्यावर, कुठल्याही व्यक्तीच्या नावावर नाही. बऱ्याच शाळांत स्कूलपे ही फी भरायची सेवा चालते, प्रत्येक मुलाचा वेगळा कोड असतो. स्थानिक पाळकांना (पास्टरना) यादीतलं सामान घेऊन द्यायला सांगा आणि पावत्यांचे फोटो मागा. पीएलईचा निकाल साधारण जानेवारीत लागतो, एस-वन फेब्रुवारीत सुरू होतं, म्हणजे नाताळनंतर हाताशी फार वेळ नाही. आणि एकदा मूल घेतलं की एस-फोरच्या (माध्यमिकच्या चौथ्या वर्षाच्या) बोर्डापर्यंत चार वर्षं न्या. दहा मुलांचं एक वर्ष करण्यापेक्षा दोन-तीन मुलांची चार वर्षं करा.