मदत हवी आहे: वावरासाठी २०१४ ची स्प्लेंडर घ्यावी का?

नमस्कार भाऊहो. मी दारव्हा तालुक्यातला, कापूस-तुरीचा शेतकरी. घरचे म्हणतात नवीन गाडी घे, हप्ते भरू. मले नाही पटत. कापसाच्या भावाचा भरवसा नसताना दर महिन्याचा हप्ता डोक्यावर कशाला? अन् गाडी जाणार पांदण रस्त्यानं. पावसाळ्यात काळी माती चाक अन् मडगार्डच्या मधात अशी बसते की काडीनं कोरून काढावी लागते.

२०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आले. जुनी कार्बोरेटरवाली आमच्या गावचा मिस्त्री झाडाखाली बसून खोलते. माझ्यासाठी हेच मोठं कारण आहे.

एक २०१४ ची एमएच २९ पासिंगची स्प्लेंडर पाहून ठेवली. सकाळी थंड इंजिन चालू केलं तेव्हा थोडा निळसर धूर निघाला, मग कमी झाला. हे वॉल्व्ह सीलचं काम असंल की पिस्टन-रिंगपर्यंत गेलं? बोअर करावा लागला तर खर्च किती धरू?

आरसीवर अजून फायनान्सचा बोजा दिसते. मालक म्हणते कर्ज फिटलं, पण एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं फायनान्सवाल्याचं पत्र, हातात नाही. नुसत्या फॉर्म २९, ३० वर (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सह्या घेऊन पैसे देणं मले धोक्याचं वाटते. बोजा आधी त्यानंच उतरवावा ना? नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागली नाही, ती कोणाच्या नावावर लावायची?

अन् २०२९ मध्ये पंधरा वर्षं होतील. तेव्हा पुन्हा पासिंग (नोंदणी वाढवून घेणं) केलेल्यांनी अनुभव सांगा, त्यावरच भाव ठरवतो.