ईजीआरला 'पत्रा मारा' म्हणणाऱ्यांनो, आधी कोड तरी वाचा

खडकीचा_डिझेलवाला
काल 'घाटरस्ता' यांनी लिहिलं की चेक इंजिनचा दिवा लागला आणि ईजीआरचा, म्हणजे थोडा जळका गॅस परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, कोड आला तर साफसफाई, नवीन व्हॉल्व्ह असली नाटकं करू नका, २०० रुपयांचा पत्रा मारून त्या गॅसची वाट बंद करा, गाडी नव्यासारखी पळते. वर ३८ जणांनी अंगठे दिले. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय, मोठं होईल, सहन करा.

अहो पण कोड कुठला? पी ०४०१ म्हणजे फ्लो कमी, ०४०२ म्हणजे जास्त, ०४०३ म्हणजे वायरिंगचा लोचा. तिन्ही दुखण्यांवर एकच गोळी? आणि ०४०१ आला म्हणजे व्हॉल्व्हच चोकअप असंही नाही. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह उघडायला लावतो आणि एअर फ्लो सेन्सरकडे बघतो, जळका गॅस आत आला तर ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी, नाही झाली की दिवा. सेन्सर घाण असला तरी नाव ईजीआरचंच. आणि पत्रा मारल्यावर फ्लो शून्य, म्हणजे बऱ्याच गाड्यांत दिवा जायचं सोडाच, मुक्कामालाच येतो. मग कोणीतरी 'भाऊ' लॅपटॉप जोडून तो झोपवतो, त्याचे पैसे वेगळे, हे पोस्टमध्ये बरोब्बर गाळलंय.

माझी २०११ ची १.३ डिझेल, तेच आपलं राष्ट्रीय इंजिन, २ लाख ३६ हजार झालेत. मागच्या दिवाळीत हाच दिवा. व्हॉल्व्ह काढला तर आत काजळी आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपातून, आलेली ऑइलची वाफ मिळून डांबर झालेलं, आजीच्या चुलीवरच्या पातेल्याचं बूड असतं ना, तसं. पिन बोटाने ढकलली तर ढिम्म. आइस्क्रीमची काडी, जुना टूथब्रश, कार्ब क्लीनरचे दीड कॅन. मोटरचा भाग वर धरून, त्यात स्प्रे जाऊ न देता. दोन तासांनी पिन टकटक उघडझाप करायला लागली. नवीन गॅस्केट धरून ७०० रुपयांत काम. ११ हजार किमी झाले, दिवा नाही.

घाटरस्ता
निबंध छान साहेब, बक्षीस घरी पाठवतो. आता माझं ऐका. आंबेनळी घाटात, मागे सासू-सासरे, वरून धो धो पाऊस आणि गाडी पिकअपच घेईना, मागे काळा धूर इतका की मागचा माणूस हॉर्न मारून शिव्या देतोय. व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. नवीन टाकला, १४ हजार. पाच महिन्यांत परत तोच दिवा! तेव्हा तुमची आइस्क्रीमची काडी कुठे होती? पत्रा मारून तीन वर्षं झाली, घाट तिसऱ्यावर चढतो. आणि पर्यावरणाचं मला सांगू नका, पीयूसीला आधी के व्हॅल्यू, म्हणजे धुराच्या काळेपणाचा आकडा, १.४ यायची, पत्र्यानंतर ०.७. बीएस ४ ला लिमिट १.६२ आहे. कोण प्रदूषण करतंय बोला.

खडकीचा_डिझेलवाला
इथेच तर गंमत आहे. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड, मोजतच नाहीत. ईजीआर काळा धूर कमी करायला नसतोच, उलट त्याने काजळी थोडी वाढते. तो सिलिंडरमधलं तापमान खाली ठेवायला असतो, तापमान चढलं की नॉक्स वाढतो. तुम्ही नापास गणितात आणि मार्कशीट दाखवताय चित्रकलेची. आणि पाच महिन्यांत परत भरला तर कोणी ब्रीदर बघितला का, टर्बो ऑइल पितोय का बघितलं का? की पार्ट बदलला आणि बिल फाडलं?

घाटरस्ता
टर्बो ठणठणीत आहे. आणि नॉक्स दिसतो का डोळ्यांना? माझ्या गल्लीतून रोज ४० डंपर जातात, ताडपत्री न टाकता. त्यांना पकडा आधी.

खडकीचा_डिझेलवाला
पुतणीला नेब्युलायझर लावतो आम्ही हिवाळ्यात. तिला सांगतो, डंपरवाले काकाच फक्त वाईट, पत्र्यावाले काका चांगले.

घाटरस्ता
लहान पोरांना मध्ये आणू नका. मुद्दा संपला की हेच चालू होतं.

गोदाकाठ
भांडणात मध्ये पडते, सॉरी. बाबांची २०१२ ची डिझेल आहे, २ लाख १४ हजार. रविवारपासून दिवा लागलाय. ब्लूटूथवाला स्कॅनर लावला, पी ०४०३ दाखवतोय. पिकअप ठीक, धूर नाही. मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व्ह गेला, बदला. बदलायचा का?

जुना_पाना
ताई, थांबा. ०४०३ आहे ना, मग व्हॉल्व्ह खोलायच्या आधी कनेक्टर काढा, पिना हिरव्या पडल्यात का बघा, मग वायर हाताने चाचपत मागे जा. गाडी जास्त दिवस उभी होती का? ३० वर्षं गॅरेजात काढली, पावसाळ्यानंतर असले निम्मे दिवे उंदीर लावतात.

चिपळूणचा_पाऊस
उंदरांचं नाव काढलंत! गणपतीला १२ दिवस गाडी गावी उभी होती, निघताना स्टार्टच नाही. बॉनेट उघडलं तर फायरवॉलच्या कापसाचं घरटं आणि त्यात एक मोदक. अर्धा. १९ हजारांचं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा.

तिसरा_मजला
तंबाखूच्या पानाची पुडी बांधून ठेवा बॅटरीजवळ, उंदीर फिरकत नाही.

चिपळूणचा_पाऊस
ठेवली होती. घरट्यात गादीखाली सापडली.

तिसरा_मजला
मग तंबाखू जुनी असेल, वास उडालेली. दर १५ दिवसांनी बदलायची.

बी_विंग_पार्किंग
तंबाखू, डांबरगोळ्या सगळं थोतांड. रात्री बॉनेट उघडं ठेवा, अंधार मिळाला नाही की ते बसत नाहीत. पण खरं कारण वेगळंच आहे. आमच्या सोसायटीत एक काकू रोज पार्किंगमध्ये कबुतरांना ज्वारी टाकतात. ज्वारी आली की उंदीर आला. मीटिंगमध्ये बोललो तर सेक्रेटरी म्हणे धार्मिक भावना. माझी वायर तीनदा कुरतडली, तिच्या भावना कोण बघणार?

तिसरा_मजला
मुक्या प्राण्यांना दाणे टाकले तर तुमचं काय जातं?

बी_विंग_पार्किंग
१९ हजार जातात. वरची कमेंट वाचा ना.

चिपळूणचा_पाऊस
ते माझे गेले हो, तुमचे नाही.

बी_विंग_पार्किंग
माझे तिन्ही वेळचे मिळून २३ झाले, बिलं टाकू का इथे? आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, तुमची गाडी तरी आहे का?

तिसरा_मजला
स्कूटर आहे. स्कूटरवाले माणसं नाहीत का?

खडकीचा_डिझेलवाला
धागा ईजीआरचा आहे, कबुतरं बाहेर सोडा.

जुना_पाना
त्या पोरीला कोणी उत्तर देणार आहे का? ताई, वायर बघितली का?

गोदाकाठ
हो काका, आत्ताच वर आले. बाबा हॉस्पिटलमध्ये होते म्हणून गाडी महिनाभर उभी होती. कनेक्टर चकचकीत, पण चार बोटं मागे दोन वायरी कुरतडलेल्या, एक तुटलेली, दुसरीचं तांबं उघडं. खाली लेंड्या. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर करून स्लीव्ह चढवली, २५० रुपये. स्कॅनरने कोड पुसला, १८ किमी फिरवली, अजून तरी दिवा नाही.

खडकीचा_डिझेलवाला
बघा! पत्रा मारला असता तर तुटकी वायर तशीच राहिली असती आणि दिवाही.

घाटरस्ता
बरं बाबा, मान्य, वायर तुटली असेल तर पत्रा मारू नये. झालं समाधान? लेंड्यांवरून कोड ओळखायचं तुमच्या निबंधात तरी कुठे होतं, काका सांगून गेले म्हणून. माझा व्हॉल्व्ह खरंच भरलेला होता, त्यामुळे माझा पत्रा निघणार नाही.

जुना_पाना
काढू नका. पण एकदा ब्रीदरचा पाइप सोडवून आत बोट फिरवा. ओलं लागलं तर मला सांगा.

घाटरस्ता
रविवारी बघतो. आत्ता बॉनेट उघडून आलो उगाच. ईजीआरचं सोडा, वॉशरच्या पाइपला दात लागलेत. ती तंबाखूची पानं मिळतात कुठे?