हार्वर्डमध्ये इलियटने दिलेली मोकळीक लोवेलने काढून घेतली, ते चूकच झालं

रानवारा:
१९०९ नंतर हार्वर्ड एक पाऊल मागे गेलं असं माझं ठाम मत आहे. चार्ल्स इलियट १८६९ पासून तब्बल ४० वर्षं अध्यक्ष होता, त्याने सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले आणि शतक संपता संपता पहिल्या वर्षाचं इंग्रजी निबंधलेखन सोडलं तर जवळपास सगळं मुलांच्या मर्जीवर आलं. त्याच्यामागून लोवेल आला आणि १९१४ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचपासून १६ पैकी निदान ६ कोर्स एकाच विषयाचे, आणखी काही ठरवून दिलेल्या गटांतून, असा साचा बसवला. आज आपल्याकडे मेजर-मायनर चाललंय ते त्याच धाटणीचं. १८ वर्षांच्या पोरावर विश्वास टाकायची हिंमत इलियटने दाखवली होती, ती पुन्हा कुणी दाखवली नाही.

खडूफळा:
मी कॉलेजात शिकवते म्हणून सांगते, विश्वास ठीक आहे पण पोरांनी केलं काय ते बघा ना. सोपे कोर्स, शनिवार मोकळा मिळेल असे कोर्स, जिन्याने वर चढावं लागणार नाही असे कोर्स. हार्वर्ड स्क्वेअरमध्ये नोलन नावाच्या माणसाचा क्लास होता, वर्षभर लेक्चरला न बसलेली श्रीमंत पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे पैसे मोजून अख्खा कोर्स घोकायची आणि पास व्हायची. १९०३ मध्ये प्राध्यापकांच्याच समितीने चौकशी केली तर मुलांचा अभ्यास वाटत होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. लोवेल त्या समितीत होता, त्याने हे उघड्या डोळ्यांनी बघितलेलं.

पानसुपारी:
+१, आणि राहण्याचं कुणीच बोलत नाहीये. मुलं कुठे राहतात याच्याशी इलियटला देणंघेणं नव्हतं. पैसेवाल्यांची पोरं माउंट ऑबर्न स्ट्रीटवरच्या खाजगी इमारतींत, वाफेची हीटिंग, पोहायचा तलावसुद्धा, त्या पट्ट्याला नावच गोल्ड कोस्ट पडलं होतं, आणि गरीब पोरं यार्डातल्या, म्हणजे कॉलेजच्या जुन्या आवारातल्या, थंडगार खोल्यांत. चार वर्षं एका कॉलेजात काढून एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. लोवेलने १९१४ मध्ये पहिल्या वर्षाच्या सगळ्यांसाठी नदीकाठी राहायचे हॉल उघडले, गरीब-श्रीमंत एका टेबलावर जेवायला बसवले, याला मागे जाणं म्हणायचं?

रानवारा:
सगळ्यांसाठी?? रॉस्को ब्रूस हा स्वतः हार्वर्डचा १९०२ चा पदवीधर, त्याने मुलासाठी त्याच हॉलमध्ये जागा मागितली तर लोवेलने नाकारली, का तर मुलगा काळा. इतर पोरांना तिथे राहायची सक्ती आणि याला बंदी. आणि १९२२ मध्येच ज्यू विद्यार्थी २० टक्क्यांच्या वर गेले म्हणून १५ टक्क्यांची मर्यादा घाला हा प्रस्तावही ह्याच माणसाचा. एका टेबलावर कोण बसणार ते आधी तोच ठरवणार!

खडूफळा:
ते वाईटच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण १९२३ मध्ये विद्यापीठाच्या वरच्या मंडळाने ती बंदी उठवली, उघड कोटाही फेटाळला, अभ्यासक्रम मात्र तसाच राहिला कारण तो चांगला होता. माणूस आणि अभ्यासक्रम वेगळे ठेवा.

रानवारा:
नाही ठेवता येत. कोटा फेटाळला आणि १९२६ पासून प्रवेशाला कॅरेक्टर बघायला लागले, अर्जासोबत फोटो, ज्यू मुलांची संख्या बरोबर खाली आली. एकजीव वर्ग हवा हेच त्याचं स्वप्न होतं, कोर्सचा साचा आणि हॉस्टेलचं कुंपण दोन्ही तिथूनच आलं.

उंबरठा:
मोकळ्या निवडीचं फळ बघायचं तर बाबासाहेबांचं बघा ना. १९१३ ते १६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, मिळेल ते घेतलं, आणि जातीवरचा तो निबंध ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्राच्या गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये वाचला.

खडूफळा:
बाबासाहेब तिथे गेले तेव्हा बी.ए. झालेले होते, शिवाय बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत डोक्यावर, ते पदव्युत्तरचं शिक्षण, त्याचा इलियटच्या पद्धतीशी संबंध नाही. आणि मोकळीक मोकळीक म्हणताय तर हेही बघा, त्याच इलियटच्या काळात रॅडक्लिफ या शेजारच्या मुलींच्या कॉलेजात शिकवायला हार्वर्डचेच प्राध्यापक रस्ता ओलांडून जायचे, तोच धडा दुसऱ्यांदा द्यायचे, पण मुलींना हार्वर्डच्या वर्गात घेतलं नाही, हार्वर्डची डिग्रीही दिली नाही. ४० वर्षं हातात होती त्याच्या.