गुंतवणूक सल्लागाराची फी वसूल होते का? (अनुभव)

सुगरण_नाही
काल माळा आवरताना बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत विम्याच्या पावत्यांची चळत, रबरबँड वितळून कागदालाच चिकटलेलं. एजंट काका दर मार्चला यायचे, पोहे खायचे, कॅलेंडर द्यायचे आणि एक नवी पॉलिसी गळ्यात मारून जायचे. फी शून्य. बाबा म्हणायचे, "किती करतो बिचारा आपल्यासाठी!" रात्री हिशेब मांडला तर २० वर्षांच्या एंडोमेंटवर (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के सुटले होते.
आता मी सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक) नोंदणी असलेल्या सल्लागाराला वर्षाला २५,००० देते, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,५००. नवरा म्हणतो, एवढ्यात सोनं येईल. तुमचं काय?

ठाण्याचा_बंड्या
२९,५०० चं सोनं? गुंजांत मोजावं लागेल, भावोजींना सांगा 😄

मधुमालती
माझे सगळे म्युच्युअल फंड रेग्युलर प्लॅनमध्ये (ज्यातून वितरकाला कमिशन जातं) होते. 'आम्ही काहीच घेत नाही' म्हणणारा वितरक. मग सहामाही कॅस स्टेटमेंट (सगळ्या फंडांचं एकत्र विवरण) नीट वाचलं, त्यात त्याला मिळालेलं कमिशन चक्क रुपयांत छापलेलं असतं! वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली. ४० लाखांवर १ टक्का धरला तरी वर्षाला ४०,००० झाले, तेही न मागता. बिनकमिशनचे डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, मला २०१९ ला कळले.
पण ८ लाखच असतील तर २९,५०० देऊ नका हं. साडेतीन टक्क्यांच्या वर जातं ते.

निवांत_नाना
बँकेतल्या गोड मुलीने "एफडीसारखंच आहे काका" म्हणून युलिप (बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) दिली. पॉलिसीचा बाँड घरी आला, लेकीने वाचला. तेव्हा फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायचा अवधी, १५ दिवसांचा होता (आता ३०). बाराव्या दिवशी परत केली, थोडे कापून पैसे आले. मुलगी नंतर दिसली तर ओळख दाखवेना.

बंडखोर_बटाटा
नाना, लेकीला फी दिलीत का?

निवांत_नाना
आमरस.

कोथिंबीर_जुडी
२३ मार्च २०२०. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंक आपटला. मी सगळं विकायला बसले होते, बोट बटणावर. आमच्या सल्लागार बाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "हे पैसे पुढच्या पाच वर्षांत लागणारेत का? नाही ना? मग ॲप काढून टाक, भांडी घास." घासली. त्या फोनची फी मी आजन्म देईन. बाकी वर्षभर त्या काय करतात ते विचारू नका 🙈

वैतागलेला_विदर्भ
माझ्यावाल्याने ४२ पानांची पीडीएफ दिली. त्यात एका ठिकाणी दुसऱ्याच क्लायंटचं नाव राहून गेलं होतं. निष्कर्ष काय, तर इमर्जन्सी फंड ठेवा. हे तर माझी आईबी सांगते, वरून लाडू देते.

मधुमालती
😂😂 कार्डावर नोंदणी नंबरात आयएनए होतं की एआरएन? आयएनएवाला तुमच्याकडून फी घेतो, एआरएनवाल्याला फंड कंपनी कमिशन देते. मी आधी तेच बघते.

वैतागलेला_विदर्भ
आयएनएच होतं जी. तेच तर दुखणं.

ठाण्याचा_बंड्या
सेबीने ठरीव फीवर कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० ची मर्यादा घातलीय. कोणी जास्त मागितली तर तिथूनच नमस्कार करा.

शेवंता_पुणे
धाग्याशी संबंध नाही, पण चिकटलेल्या रबरबँडवर टाल्कम पावडर टाकून बघा, कधी कधी सुटतं. आणि एजंट काकांना फार बोलू नका. बाबा गेले तेव्हा आमचे काका स्वतः फॉर्म भरून, दोनदा चकरा मारून क्लेम घेऊन आले. मला तर नॉमिनी कोण तेही माहीत नव्हतं.

सुगरण_नाही
शेवंता, खरंय गं. आमचेही तेराव्याला आले होते, ट्रंक त्यांनीच उघडून दिली होती. पोहे करायचं मात्र त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.
पावडर टाकली. एक पावती फाटली, बाकीच्या सुटल्या.

बंडखोर_बटाटा
फाटलेली कुठल्या सालची?