मदत हवी आहे: सासऱ्यांची साठी, हॉटेलची वाईन लिस्ट आणि शॅम्पेन

गोंधळलेला जावई:
नमस्कार मंडळी, पुढच्या शनिवारी सासऱ्यांची साठी आहे, कोरेगाव पार्कात टेबल बुक केलंय, आम्ही आठजण, त्यातले पिणारे पाच. सासरे आयुष्यभर रमवाले, पण या वेळी स्वतःच म्हणाले की ते फसफसणारं शॅम्पेन एकदा बघायचंय, आणि ते निवडायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

माझं ज्ञान किती ते सांगतो, हसून घ्या. मागे ऑफिसच्या डिनरला लिस्ट माझ्या हातात आली, 'डेमी-सेक' दिसलं, फ्रेंचमध्ये सेक म्हणजे ड्राय, म्हणजे गोड नसलेली, एवढं कुठेतरी वाचलेलं, म्हणून रुबाबात तीच मागवली. सुरमई फ्रायबरोबर पाक! बॉस काही बोलला नाही, पण त्याचा ग्लास शेवटपर्यंत तसाच भरलेला.

तर ही गोडीची भानगड नक्की काय आहे, साल लिहिलेली बाटली घ्यावी की बिनसालाची, आणि वेटरला बजेट सांगायचं कसं, कारण बायकोची ताकीद आहे की बाबांसमोर आकडा निघता कामा नये. दहा हजार, ताणून बारा.

बाणेरचा बाटलीबहाद्दर:
डेमी-सेकने भल्याभल्यांना गंडवलंय हो. पूर्वी शॅम्पेन भयंकर गोड असायची, ही नावं त्या काळातली. आता लिटरमागे साखर बघा, ब्रूट 12 ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ड्राय 12 ते 17, सेक 17 ते 32 आणि तुमची डेमी-सेक 32 ते 50. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड, आता बोला! डोळे मिटून ब्रूट सांगा, तळलेल्या स्टार्टरबरोबर मस्त जाते. फक्त 'ब्रूट नेचर' नको, त्यात साखर 3 ग्रॅमच्याही आत, रमवाल्या माणसाला लिंबू चोखल्यासारखं वाटेल.

सालाचं म्हणाल तर लिस्टवर 'एनव्ही', म्हणजे नॉन-व्हिंटेज, बिनसालाची असेल ती घ्या. वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळून कंपनी दरवर्षी तीच चव आणते, किमान 15 महिने मुरवलेली असते. सालवाली किमान 3 वर्षं मुरते आणि किंमत लगेच उडी मारते. आणि हो, मोएत या शॅम्पेनच्या ब्रँडला 'मोए' म्हणू नका, शेवटचा त उच्चारतात.

नारायणगावकर:
वरचं सगळं बरोबर, पण बारा हजारात हॉटेलात खरी शॅम्पेन बसणं कठीण आहे साहेब. शॅम्पेन म्हणजे फ्रान्समधल्या शॅम्पेन नावाच्या भागात बनलेलीच, म्हणजे आधी इम्पोर्ट ड्युटी, मग हॉटेलचा नफा, वर टॅक्स. आमच्या नारायणगावात 80 च्या दशकात ओमर खय्याम नावाची स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाईन बनायची, परदेशात जायची, आता ते सगळं संपलं. पण नाशिक आहे ना! सुलाची ब्रूट घ्या नाहीतर दिंडोरीची शांदों, दोन्हीत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची शॅम्पेनचीच पद्धत वापरतात, फक्त शॅम्पेन म्हणता येत नाही. 750 मिलीत सहा ग्लास होतात, म्हणजे पाचजणांचं टोस्ट एका बाटलीत, आणि दुसरी जेवणाबरोबर.

पेठेतली मावशी:
आकड्याचं सोप्पंय. लिस्टमधल्या परवडणाऱ्या किमतीवर बोट ठेवायचं आणि तोंडाने म्हणायचं, "साधारण अशी काहीतरी, ब्रूटमध्ये." शहाण्या वेटरला कळतं. त्याहून बरं म्हणजे आदल्या दिवशी फोन करून ठरवूनच टाका. आणि बाटली सीलबंद दाखवून समोर उघडायला सांगायची, लाजायचं नाही, पैसे आपले असतात.

गोंधळलेला जावई:
खूप आभार सगळ्यांचे! फोन केला, त्यांनी लिस्ट व्हॉट्सॲपवर पाठवली, शॅम्पेन एकच आहे आणि ती बजेटच्या दुप्पट. नाशिकच्या दोन ब्रूट सांगून ठेवल्यात. बायको म्हणते बाबांना आधीच सांग, मी म्हणतो पहिला ग्लास पिऊ दे, मग सांगू. आता सासूबाईंचा प्रश्न आलाय, यात बर्फ घालतात का?

पेठेतली मावशी:
ग्लासात नको, पाणचट होईल. बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली अर्धा तास बुडवून ठेवायला सांगा, नुसत्या बर्फात नीट गार होत नाही. आणि सासऱ्यांना आधीच सांगा हो, साठीच्या माणसाला फसवू नये!