विझार्ड पहिल्याच खोलीत फायरबॉल टाकतो आणि मग सगळे पथाऱ्या पसरतात

पडका_बुरूज:
मंडळी, डी अँड डी (फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायचा टेबलावरचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. चौघंजण, सगळे पाचव्या लेव्हलचे: विझार्ड (जादूगार), क्लेरिक (देवाचा पुजारी), फायटर (लढवय्या), वॉरलॉक (करार करून जादू मिळवलेला). पुण्यात एका मित्राच्या हॉलमध्ये शनिवारी रात्री बसतो.

सध्या पार्टी एका डोंगरी किल्ल्यात आहे. हॉबगॉब्लिनांनी (राक्षसी शिपायांची टोळी) बळकावलेला. खाली महादरवाजा, त्यात पहारेकऱ्यांच्या देवड्या, मधे पाण्याची टाकी, वर बालेकिल्ला आणि तिथे त्यांचा सरदार. हौसेने ग्राफ पेपरवर आखलाय सगळा.

आणि होतं काय? देवडीत पहारेकरी दिसले की विझार्ड फायरबॉल (आगीच्या स्फोटाचा मंत्र) टाकतो. एक वाचला तर त्याच्यासाठी दुसरा. दर वेळी एक स्लॉट (मंत्र टाकायचा ठरलेला कोटा) खर्च. मग म्हणतो, "माझे वरचे स्लॉट संपले, चला झोपू." क्लेरिक लगेच "हो हो". भर दरवाज्यात आठ तास! म्हणजे लाँग रेस्ट, की सगळे स्लॉट परत. सकाळी उठून पुढची खोली, परत तेच. फायटर माझी मावसबहीण खेळते, ती हल्ली तिची पाळी येईपर्यंत रील्स बघते.

"इथे झोपायचं नाही" असं नुसतं डीएमगिरी (डीएम म्हणजे खेळ चालवणारा, इथे मी) करून सांगायला नको वाटतं. फायरबॉल कापायचाही नाही, त्याला मजा येते त्यात. काय करता येईल?

झुरळ_लेव्हल२:
रात्री ओगर (धिप्पाड राक्षस) सोडा. दोनदा झोपमोड झाली की सुतासारखे सरळ होतील.

पडका_बुरूज:
सोडला. त्यांच्याकडे टायनी हट (अभेद्य घुमट उभा करणारा मंत्र) आहे. रिच्युअल म्हणून टाकतात, म्हणजे स्लॉटही जात नाही. आत बसून बाहेर बाण मारत होते. ओगर बिचारा घुमटाला डोकं आपटून आपटून मेला आणि वर त्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळाले ते वेगळेच.

फाशांची_आजी:
अरे, ओगराला कशाला बळी देतोस! रात्रीचा हल्ला म्हणजे आणखी एक मारामारी. ती संपली की पोरं म्हणणार, दमलो, परत झोपतो.

ही युक्ती जुन्या खेळात चालायची, कारण तिथला व्यवहारच निराळा होता. १९८१ च्या बेसिक डी अँड डीमध्ये दहा मिनिटांचा एक टर्न, मशाल सहा टर्नांत विझायची, आणि दर दोन टर्नांनी डीएम सहाचा फासा टाकायचा. १ आला की भटका राक्षस हजर. एक्सपी मुख्यतः खजिन्याचे मिळायचे, राक्षस मारल्याचे किरकोळ. त्यामुळे भटका राक्षस म्हणजे निव्वळ तोटा, आणि रेंगाळणं आपोआप महाग पडायचं. आता राक्षस मारला की बक्षीस. मग ओगराला कोण भितो?

आता तुझ्या टेबलाचा हिशेब. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडने (डीएमच्या पुस्तकाने) दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर (मारामाऱ्या) आणि मधे साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) धरल्यात. पाचव्या लेव्हलला माणशी दिवसाचं बजेट ३,५०० एक्सपी, चौघांचे १४,०००. चौघांसाठी मध्यम मारामारी २,००० ची. म्हणजे सात. तू देतोयस एक.

त्या एका मारामारीत विझार्डकडे नऊ स्लॉट: पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. वॉरलॉककडे फक्त दोन. ते दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे असतात आणि शॉर्ट रेस्टला परत मिळतात, म्हणजे दिवसात दोन शॉर्ट रेस्ट झाल्या तर त्याला सहा मिळायला हवेत. तुझ्याकडे दोनावरच दिवस मावळतो. फायटरच्या अ‍ॅक्शन सर्जचं आणि सेकंड विंडचंही तेच, म्हणजे तिची जादा चाल आणि स्वतःची जखम भरणं. विझार्ड सगळी तिजोरी एका खोलीत उधळतो आणि रात्रीत ती पुन्हा भरते, मग ती मुलगी रील्स बघणार नाही तर काय करणार? तिच्या हातात काही उरतच नाही.

पण म्हणून उद्यापासून सात-सात मारामाऱ्या लावू नकोस. आमच्याकडे एकेक मारामारी पाऊण तास खाते, सात म्हणजे माणसं घरी निघून जातील. एक गोष्ट मात्र लगेच कर: सेशन संपला म्हणून खेळातला दिवस संपवू नकोस. एक दिवस दोन-तीन शनिवार चालू दे. शीटवर खोडलेले स्लॉट पुढच्या वेळी खोडलेलेच राहतील. पुष्कळ टेबलांवर सेशनच्या शेवटी "बरं, तुम्ही झोपलात" असं सवयीने म्हणून टाकतात आणि तिथेच सगळं फुकट जातं.

आणि मुख्य मुद्दा हा की तुझा किल्ला मेलेला आहे. भर दरवाज्यात दोन स्फोट झाले आणि आठ तास वरून कोणी बघायलासुद्धा आलं नाही? आपल्याकडे गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असत. असा प्रकार झाला असता तर तिघांचीही धडगत नव्हती. हॉबगॉब्लिन तर शिस्तीचे शिपाई. ते आठ तास काय करतात ते आधीच कागदावर लिहून ठेव. असं काहीसं:

पहिला तास: गस्त येते, देवडीतली मढी बघते, न लढता वर पळते.
तिसरा तास: टाक्यांकडची वाट दगड रचून बंद. पुढची मारामारी अरुंद जागेत आणि आडोशामागच्या तिरंदाजांशी.
पाचवा तास: कैदी असतील तर बालेकिल्ल्यात हलवले.
पहाटे: सरदार अर्धा खजिना घेऊन चोरदिंडीने पसार.

घुमटाला कोणी डोकं आपटत बसत नाही. दगड रचून, धनुष्यं ताणून बाहेर थांबतात. सकाळी घुमट जाईलच, आठ तासांचीच मुदत आहे. आणि टायनी हट बाहेरून अपारदर्शक असला तरी आतून आरपार दिसतं, हे विसरू नकोस. विझार्ड आरामात पडलाय आणि समोरून चार हॉबगॉब्लिन पेटी उचलून चाललेत, हे त्याला बघू दे. शेवटचा मागे वळून घुमटाला मुजरा करतो, असंही घाल. माझ्या टेबलावर एवढ्यावरच दोघं अंथरुणातून उठले होते, आणि झोप मोडल्याचा राग माझ्यावर नाही, त्या मुजरा करणाऱ्यावर निघाला.

मात्र हे चोरून करायचं नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी सांग की उद्यापासून किल्ला जागा आहे. मग झोपायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. झोपले तरी चालेल, फक्त खजिना अर्धा.

निळा_वॉरलॉक:
आजींना अनुमोदन. वॉरलॉक खेळणाऱ्याची बाजू सांगतो. शॉर्ट रेस्ट एका तासाची, त्यामुळे मागायलाच लाज वाटते. सगळे ऐन जोशात असतात आणि मी म्हणायचं, "एक तास टेकू या का?" बाकीच्यांना फार काही मिळत नाही, मग सगळे माझ्याकडे असे बघतात की जणू लग्नाच्या वरातीत मीच चहा मागतोय. आमच्या डीएमने घरचा नियम केला: शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांची, पण दोन लाँग रेस्टच्या मधे जास्तीत जास्त दोनदा. तेव्हापासून मीही माणसात आलो.

दुसरं, थर्टीन्थ एज नावाचा गेम आहे (२०१३). त्यात घड्याळच नाही. साधारण चार लढाया झाल्या की पूर्ण ताकद परत, मग मधे एक दिवस जावो की महिना. त्याआधी हवी असेल तर घ्या, पण त्या बदल्यात कथेत काहीतरी हातचं जातं: गाव पडतं, शत्रू पुढे सरकतो. आजी सांगतायत तेच, फक्त नियमात लिहिलेलं.

पडका_बुरूज:
आजी, तासांचा कागद बनवतोय, मुजऱ्यासकट. एक शंका: डंजन मास्टर्स गाइडमध्येच ग्रिटी रिअलिझमचा पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट आठ तास आणि लाँग रेस्ट सात दिवस. तो लावला तर एका फटक्यात प्रश्न सुटेल का?

फाशांची_आजी:
प्रवासाच्या कॅम्पेनला छान. जिथे आठवड्यात तीन-चारच मारामाऱ्या होतात, जंगल, घाट, गावं, तिथे खुशाल लाव. किल्ल्यात नको. वॉरलॉकला दोन स्लॉटसाठी आठ तास लागणार, म्हणजे परत घुमट. शिवाय आठ तासांची मेज आर्मर (संरक्षणाचा मंत्र) सात दिवस पुरवायची म्हणजे विझार्डचे स्लॉट त्यातच जाणार, आणि तो तुझ्याशी भांडणार. बरोबरच आहे त्याचं.

झुरळ_लेव्हल२:
२०२४ च्या पुस्तकात गेलात तर? सुटतं का हे?

फाशांची_आजी:
नव्या डंजन मास्टर्स गाइडमधून दिवसाचं ते बजेटच काढून टाकलंय. विझार्डला रात्री झोपून सगळे स्लॉट परत मिळतात ते मिळतातच. मोजायची पट्टी गेली, दुखणं तिथेच. माझ्या मते पट्टी होती तेच बरं होतं, निदान डीएमला कळायचं की आपण कुठे कमी पडतोय.

पडका_बुरूज:
ग्रुपवर टाकलं की किल्ला जागा झालाय, आणि शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांची, दोनदाच. क्लेरिक रुसलाय. विझार्डवाल्याने मात्र नियम उघडून बघितले असावेत, कारण लगेच त्याचा मेसेज: "शॉर्ट रेस्टला माझी आर्केन रिकव्हरी चालते ना?" म्हटलं चालते, दिवसातून एकदा, पाचव्या लेव्हलला मिळून तीन लेव्हलचे स्लॉट. म्हणजे अजून एक फायरबॉल. आता तोच विचारतोय, पहिली शॉर्ट रेस्ट कधी घ्यायची.

निळा_वॉरलॉक:
टाक्यांपाशी घ्या, वाट बंद व्हायच्या आत. आणि तुमच्या वॉरलॉकला सांगा, आता मागणारा तो एकटा नाही.