मदत हवी आहे: इंटरनेट फोनवर येणारा कॉल बरोब्बर ३२व्या सेकंदाला तुटतो, आणि लँडलाइन काढावी का?

नमस्कार मंडळी,

आईबाबांकडे तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन आहे. महिन्याभरापूर्वी मी तिच्या शेजारी इंटरनेटवर चालणारा फोन बसवून दिला. हा नीट चालला तर जुना काढून टाकायचा, असा बेत होता. मी तिथे राहत नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय ते बाबांच्या वहीतून. हो, वही. प्रत्येक कॉल कधी आला, आवाज कसा होता, किती सेकंदांनी तुटला, सगळं ते घड्याळ लावून लिहून ठेवतात. आधी मला हसू आलं होतं. आता तीच वही माझ्याकडचा एकमेव पुरावा आहे.

जोडणी अशी: फायबरचा डबा, त्याला राउटर, राउटरला अडॅप्टर, म्हणजे साध्या फोनची वायर खुपसता येते ती डबी, आणि त्याला घरातलाच बटणांचा फोन. इंटरनेट एका कंपनीचं, फोनसेवा दुसरीची. दोघांनाही विचारून झालं. इंटरनेटवाले म्हणतात स्पीड उत्तम आहे, फोनवाले म्हणतात तुमचं इंटरनेट तपासा.

आता दुखणं. आलेला कॉल अर्ध्या मिनिटात तुटतो. वहीतले आकडे देते: ३२, ३२, ३१, ३३, ३२, ३२. आवाज तोवर स्वच्छ, एकदम शांतता, मग टूं टूं. पण बाबांनी स्वतः लावलेला फोन कितीही वेळ चालतो, एकदा ५५ मिनिटं चालला. दुसरं म्हणजे फोन दोन-तीन तास पडून राहिला की रिंगच वाजत नाही. मी लावते, मला रिंग गेल्यासारखी ऐकू येते, तिकडे सगळं शांत. बाबांनी एखादा फोन बाहेर केला की मग थोडा वेळ येणारे कॉलही वाजतात. आणि 'अमुकसाठी १ दाबा' असं सांगणाऱ्या ठिकाणी १ दाबलेला पोचतच नाही.

बाबांचं मत आधीच ठरलंय: "तारेचा फोन तो तारेचा फोन." आईला दमा आहे, रात्री कधीही फोन करायची वेळ येऊ शकते, म्हणून मलाही धाडस होत नाही. स्पीड १०० एमबीपीएस असताना साधं बोलणं का तुटावं? आणि लँडलाइन ठेवावी की काढावी?

वाटसरू:
राउटर बदला. नाहीतर मोबाइल वापरा. लँडलाइन अजून कोण ठेवतं?

रात्रपाळी:
वाटसरू, घाई करू नका, राउटर टाकून द्यायची गरज नाही. ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची वही नसती तर 'कधीकधी तुटतो' एवढंच कळलं असतं, आणि त्यावरून काहीच सांगता आलं नसतं. ३२ हा आकडाच निदान आहे.

इंटरनेट फोन जुळवायचं आणि तोडायचं काम बहुतेक ठिकाणी एसआयपी नावाच्या पद्धतीने होतं. कॉल उचलला की उचलणारी बाजू 'उचलला' असा निरोप धाडते आणि पलीकडून 'समजलं' अशी पोच यायची वाट बघते. पोच नाही आली तर तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडते. किती वेळ? २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, म्हणजे एसआयपीच्या नियमांच्या कागदात, मूळ मोजमाप अर्ध्या सेकंदाचं दिलंय आणि त्याच्या ६४ पट थांबायला सांगितलंय. करा गुणाकार. तेवढ्यात पोच आली नाही तर अडॅप्टर समजतो की पलीकडे कोणी नाही, आणि शिस्तीत फोन ठेवून देतो. आवाज वेगळ्या वाटेने, आरटीपी नावाच्या पद्धतीने जातो, म्हणून तोवर बोलणं झकास चालतं.

पोच हरवते कुठे? बहुतेक राउटरमधल्या 'एसआयपी एएलजी' नावाच्या सोयीमुळे. घरातला अडॅप्टर आपला पत्ता घरगुती लिहितो, तो बाहेरच्यांना कळत नाही. एएलजीने तो खोडून बाहेरचा पत्ता घालायचा असतो. ठेवलाय मदतीला, पण कितीतरी राउटरांत हे काम अर्धवट होतं आणि पत्ता किंवा पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, चुकतो. मग पोच भलत्याच दाराशी जाते. बाबा स्वतः फोन लावतात तेव्हा पोच त्यांच्याकडून बाहेर जाते, म्हणून तो तुटत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसआयपी एएलजी शोधा आणि बंद करा. मग राउटर आणि अडॅप्टर दोन्ही बंद करून चालू करा. तरीही तुटला तर फोनवाल्यांना सांगा की तुमच्या बाजूने एनएटीची, म्हणजे घरगुती पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता धरायची, सोय चालू करा. ते काय ते समजतील.

रिंग न वाजणं हे त्याचंच भावंड. अडॅप्टरने बाहेर काही पाठवलं की राउटर परतीसाठी एक दार उघडं ठेवतो, आणि काही वेळ हालचाल दिसली नाही की लावून घेतो. काही राउटर अर्ध्या मिनिटातच लावतात. मग बाहेरून आलेला कॉल आत कसा यायचा? अडॅप्टरमध्ये 'कीप अलाइव्ह' चालू करून २० ते २५ सेकंद ठेवा. म्हणजे तो मधून मधून दाराला टिचकी मारत राहील.

आणि १०० एमबीपीएसचं कौतुक विसरा. जी.७११ या कोडेकने, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीने, बोलायला पाकिटांच्या वेष्टणासकट एका दिशेला साधारण ८० ते ९० केबीपीएस लागतात, बस. फोनला रुंद रस्ता नको, वेळेवर येणारी गाडी हवी. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे, सेकंदाला ५० पाकिटं. ती उशिरा आली किंवा मागेपुढे झाली की आवाज चिरकतो. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही. त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. घरात कुणी मोठा व्हिडिओ वर चढवत असताना आवाज फाटला तर राउटरमध्ये फोनला अग्रक्रम द्या.

जुना तारवाला:
माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, म्हणून लँडलाइनच्या बाजूने चार शब्द. आणि एक विरोधातही.

वीज गेली तरी लँडलाइन चालते, कारण फोनला वीज तुमच्या घरातून लागतच नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच दोन तारांतून येतात. बॅटऱ्यांच्या मागे जनरेटर. तार उणे ४८ वर ठेवतात आणि धन टोक जमिनीला जोडतात, म्हणजे तांबं गंजून झिजत नाही. रिंगच्या वेळी तर ७५-९० व्होल्टची एसी येते. जोडणी करताना नेमका कुणाचा तरी फोन यायचा आणि बोटांना झटका बसायचा, तो अजून आठवतो.

आता विरोधातलं. 'तारेचा आवाज शुद्ध' हे अर्धंच खरं आहे. तांबं फक्त घरापासून एक्स्चेंजपर्यंत. पुढे आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन ६४ केबीपीएसचे आकडे करायचं काम आम्ही इंटरनेट फोनच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं, आणि जी.७११ नेमकं तेच आहे. फरक वाटेचा. आमच्याकडे बोलणं संपेपर्यंत तेवढी जागा तुमच्या नावावर राखलेली असायची, तुम्ही गप्प बसलात तरी. इंटरनेटवर राखीव काही नाही, पाकिटं गर्दीतून वाट काढतात. शिवाय आमच्या लाइनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झच जायचे, म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' सारखे वाटतात. दोन्हीकडे रुंद आवाजाचं कोडेक असेल, उदाहरणार्थ जी.७२२, तर इंटरनेट फोन आमच्यापेक्षा सरस ऐकू येतो. मला हे मान्य करायला वेळ लागला.

१ दाबण्याचं: फोनच्या तळाशी पल्स-टोनचा खटका असतो. तो पल्सवर राहिला असेल. पल्सच्या टकटकीने नंबर लागला तरी '१ दाबा' म्हणणाऱ्या पलीकडच्या यंत्राला टोनच, म्हणजे बटणाचा सूर, लागतो.

रात्रपाळी:
खटका टोनवरच असेल आणि तरीही १ पोचत नसेल, तर अडॅप्टरमध्ये डीटीएमएफची, म्हणजे बटणांचे सूर पाठवायची, पद्धत आरएफसी २८३३ करा. म्हणजे बटणाचा आवाज न पाठवता 'हे बटण दाबलं' असा वेगळा निरोप जातो.

विजेचं मात्र तारवालेकाका म्हणतात ते शंभर टक्के खरं. फायबरचा डबा, राउटर आणि अडॅप्टर, तिन्हीला बॅकअप हवा, एक जरी विसरलात तरी फोन मुका. यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण घेण्याआधी तिन्ही डब्यांवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. घरोघरच्या फायबरमध्ये वाटेतले फाटे सहसा विजेशिवायच चालतात, ही त्यातली जमेची बाजू. आणि कॉर्डलेस फोन असेल तर तांब्याच्या तारेवरही वीज गेली की तो मेलाच, हे लोक विसरतात.

दुसरं, आपत्कालीन कॉल. तारेचा नंबर पत्त्याला बांधलेला असतो. इंटरनेटचा नंबर तुम्ही अडॅप्टरसकट कुठेही नेऊ शकता, म्हणून फोनवाल्यांकडे घरचा पत्ता नोंदवलाय का आणि त्यांच्या सेवेवरून आपत्कालीन नंबर लागतो का, हे विचारून घ्या. गळ्यात घालायचं गजराचं बटण लँडलाइनला जोडलेलं असेल तर ते आधी तपासा. ब्रिटनने जुनं जाळं बंद करायची तारीख डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर ढकलली, त्यामागे अशा गजरांवर विसंबलेल्यांची काळजी हे मोठं कारण होतं.

वाटसरू:
माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. पण मोबाइल हवाच, तो बॅकअप म्हणून ठेवा असं तरी म्हणू द्या.

जुना तारवाला:
ते बरोबर. पण एकच मोबाइल आणि तोही चार्जिंगला विसरलेला, असं नको.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. शनिवारी तिकडे जाऊन आले.

एएलजी चालूच होता. बंद केला, सगळं पुन्हा चालू केलं, आणि बाजूच्या खोलीतून मोबाइलवरून फोन लावला. बाबा घड्याळ हातात धरून बसले होते. ३२ झाले, ३३ झाले, ४०ला ते म्हणाले, "आता काहीतरी बोल की." वहीत त्या दिवशीचा आकडा ४१ मिनिटं आहे, मावशीचा. कीप अलाइव्ह २० वर ठेवलाय, दोन रात्री झाल्या, सकाळची पहिली रिंग वाजतेय. पल्सचा खटका खरंच पल्सवर होता, काका. गजराचं बटण घरात नाही.

यूपीएस लावला आणि मुद्दाम मेन स्विच बंद केला. २ तास ५० मिनिटं फोन चालला. लँडलाइन अर्थातच चालूच होती, हे बाबांनी तीनदा उचलून दाखवलं.

पत्ता नोंदवलाय, पण आपत्कालीन नंबरबद्दल फोनवाल्यांचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत लँडलाइन काढायची नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलंय.

एक नवी तक्रार आहे. बाबा म्हणतात, पलीकडचा माणूस गप्प झाला की या फोनमध्ये इतकी शांतता होते की फोन तुटला असंच वाटतं, आणि ते दर दोन वाक्यांनी "हॅलो? हॅलो?" करतात. तारेच्या फोनमध्ये बारीक सूं ऐकू यायची. याला काही सेटिंग आहे का?

रात्रपाळी:
आहे. हे 'सायलेन्स सप्रेशन'मुळे होतं. ते चालू असलेला फोन शांततेत पाकिटं पाठवतच नाही. तुमच्या अडॅप्टरमध्ये ते बंद केलं तर पलीकडच्याला बाबांच्या खोलीचा पंखासुद्धा ऐकू येईल. पण बाबांना शांतता ऐकू येते ती पलीकडच्या बाजूला ते चालू असल्यामुळे, म्हणून तुमच्या अडॅप्टरमध्ये 'कम्फर्ट नॉइज' चालू करा, अडॅप्टर स्वतः बारीक सूं तयार करून ऐकवतो.

जुना तारवाला:
म्हणजे आमची सूं आता मुद्दाम बनवून ऐकवतात. बाबांना सांगा हे, वहीत लिहितील.